चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे

पुण्यात लक्ष्मी रस्ता असो नाहीतर औंध-बाणेर, चष्म्याच्या दुकानात शिरून "मायनस साडेसहाच्या कॉन्टॅक्ट लेन्स द्या" म्हणणारं गिऱ्हाईक येतं आणि त्याच नंबराचा डबा काढून देणारा दुकानदारही भेटतो. दोघांचंही चुकतं. साडेसहाचा चष्मा लावणाऱ्या डोळ्याला साडेसहाची लेन्स जास्त होते.

चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स मात्र थेट बुबुळावर बसते. मधलं अंतर गेलं की मायनस नंबर उतरतो आणि प्लस नंबर चढतो. चारच्या आत हा फरक नगण्य असतो, पुढे तो हिशोबात धरावाच लागतो. −६.५० च्या चष्म्याला −६.०० ची लेन्स, −१०.०० च्या चष्म्याला −९.०० ची आणि +६.०० च्या चष्म्याला +६.५० ची. नंबर जास्त दिला तरी तरुण डोळा तो वरचा अर्धा नंबर स्वतः जोर लावून पचवतो, म्हणून दुकानात "एकदम क्लिअर" वाटतं. संध्याकाळी कपाळ दुखायला लागलं की खापर कॉम्प्युटरवर फुटतं.

नंबराखेरीज डब्यावर आणखी दोन आकडे असतात, उदाहरणार्थ बी.सी. ८.६ आणि डाया १४.२. पहिला म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक, दुसरा तिचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्या बुबुळाचा बाक केराटोमीटरवर मोजतात. बहुतेकांचा तो ४३-४४ डायॉप्टरच्या (नंबर मोजायचं एकक) आसपास येतो, म्हणजे त्रिज्या साधारण पावणेआठ मिलिमीटर. मग लेन्स ८.६ ची का? कारण सॉफ्ट लेन्स बुबुळापुरती नसते. बुबुळ साडेअकरा ते बारा मिलिमीटर रुंद आणि लेन्स १४ ची, त्यामुळे तिच्या कडा पांढऱ्या भागावर टेकतात आणि तो भाग जास्त चपटा असतो.

हे माप बरोबर बसलं का, ते कागदावर कळत नाही. ट्रायल लेन्स घालून १५-२० मिनिटं थांबायचं, मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघायचं. पापणी मिटली की लेन्स पाव ते अर्धा मिलिमीटर हलली पाहिजे. खालच्या पापणीने वर ढकलली तर सहज सरकून परत जागेवर आली पाहिजे. सैल लेन्स पापणी मिटताक्षणी धूसर होते आणि कडेला खुपते. घट्ट लेन्सचं उलट असतं, पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसतं आणि मग पुन्हा अंधुक. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी घट्ट लेन्सच जास्त आरामदायक वाटते, कारण ती हलतच नाही. पण तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत, कचरा आतच अडकतो, आणि चार-सहा तासांनी बुबुळाभोवती लाल कडं दिसायला लागतं. म्हणून "लावल्यावर कळलंसुद्धा नाही" ही काही लेन्स नीट बसल्याची खूण नाही. ट्रायलशिवाय, फक्त चष्म्याच्या कागदावर ऑनलाइन मागवलेल्या लेन्सची खरी अडचण हीच आहे.

बुबुळाला हवा लागते

लेन्सचे सगळे प्रकार एका अडचणीतून निघाले आहेत. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे त्याला प्राणवायू मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंमध्ये विरघळून मिळतो. त्यावर लेन्स ठेवली म्हणजे खिडकीला झाकण घातलं.

१८८८ च्या सुमारास आडोल्फ फिक यांनी काचेची लेन्स करून पाहिली, ती काही तासच सोसायची. नंतर आलेल्या पीएमएमए प्लास्टिकमधूनही हवा जवळपास जात नसे. १९६१ मध्ये चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनो प्रकारच्या भागांपासून यंत्र जुळवलं आणि पाणी शोषणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या लेन्स फिरवून ओतल्या. तीच आजची सॉफ्ट लेन्स. त्या हेमा नावाच्या प्लास्टिकमध्ये प्राणवायू पाण्यातून जातो, त्यामुळे जेवढं पाणी तेवढीच हवा. १९९९ मध्ये सिलिकॉन हायड्रोजेल बाजारात आलं. त्यात हवा सिलिकॉनमधून जाते आणि पाणी कमी असलं तरी चालतं.

लेन्समधून किती हवा जाते तो आकडा डीके/टी म्हणून सांगतात. १९८४ मध्ये होल्डन आणि मर्ट्झ यांनी ठरवलेली मर्यादा अजून वापरात आहे. दिवसभरासाठी किमान २४, झोपेतही ठेवायची तर ८७. ३८ टक्के पाण्याची साधी हेमा लेन्स जाडीप्रमाणे १० ते २५ च्या घरात असते, सिलिकॉन हायड्रोजेल बहुतेक ८० ते १७५. मात्र डब्यावरचा आकडा −३.०० नंबरच्या लेन्सचा, तोही मधोमध मोजलेला असतो. मायनस लेन्स कडेला जाड असते. तुमचा नंबर −८.०० असेल तर कडेखालच्या बुबुळाला डब्यावर छापलेल्या आकड्याच्या खूप कमी हवा मिळते, आणि वर्षानुवर्षं असं झालं की पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या हवेच्या शोधात बुबुळावर चढतात. दुखत नाही, दिसण्यात फरक पडत नाही, तपासणीतच सापडतं. मोठ्या नंबरवाल्यांनी हेमाच्या लेन्स घेऊ नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

"जास्त पाण्याची लेन्स म्हणजे डोळा ओला" हा समजही सोडायला हवा. जास्त पाण्याची लेन्स वाळताना ते पाणी तुमच्या अश्रूंतून भरून घेते. हिंजवडीच्या एसीत आठ तास स्क्रीनकडे बघताना पापण्या मिनिटाला पंधराऐवजी पाच-सात वेळाच मिटतात. अशा ठिकाणी ५५-६० टक्के पाण्याच्या हेमा लेन्सपेक्षा कमी पाण्याची सिलिकॉनची लेन्स बहुतेकांना बरी जाते.

डेली, मंथली, इयरली

हे लेन्सचे प्रकार नव्हेत, लेन्स किती दिवस वापरायची त्याचे करार आहेत. डेली सकाळी उघडायची, रात्री कचऱ्यात. मंथली उघडल्यापासून ३० दिवस. महिन्यातून दहाच वेळा घातली म्हणून ती तीन महिने पुरत नाही, कारण वेष्टन फोडल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. काचेच्या बाटलीतून येणारी इयरली लेन्स आपल्याकडे अजून बऱ्याच दुकानांत मिळते. वर्षभर एकच लेन्स म्हणजे वर्षभराची प्रथिनं आणि चरबी तिच्यावर साठणार. त्या थराने वरच्या पापणीच्या आतून बारीक गाठी उठतात, खाज सुटते, लेन्स पापणीबरोबर वर ओढली जाते, सकाळी चिकट धागे निघतात. हा आजार लेन्सच्या वयाचा आहे, लेन्स बदलल्याशिवाय थेंबांनी जात नाही.

पैशाचा हिशोब लोक उलटा करतात. रोज घालणाऱ्याला डेली महाग पडते हे खरं. वर्षाला ७३० लेन्स लागतात. पण आठवड्यातून दोनदा, लग्नाला नाहीतर बॅडमिंटनला घालणाऱ्याला वर्षाला २०८ लागतात, म्हणजे तीसच्या डब्यांचे सात डबे. त्यात लेन्स धुवायचं सोल्युशन नाही, ठेवायची डबी नाही, आणि उघडून मुदत उलटून गेलेली बाटली नाही. कधीमधी घालणाऱ्याने डेलीच घ्यावी. दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच असेल तर एकाच डब्यातून दोन्हीकडे भागतं.

सिलिंडर असेल तर

चष्म्याच्या कागदावर दुसऱ्या रकान्यात सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्याचा नंबर, −०.७५ किंवा जास्त असेल तर टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंडरची लेन्स, लागते. −०.५० पर्यंत साध्या लेन्सच्या नंबरात निम्मा मिळवून भागवता येतं. त्यापुढे असं भागवलं की अक्षरांना सावली येते, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात.

टोरिक लेन्स डोळ्यात गोल फिरून चालत नाही. सिलिंडरचा अक्ष, म्हणजे त्याची दिशा, ठरावीक अंशात राहावा म्हणून तिचा खालचा भाग जाड ठेवतात किंवा वरखाली पातळ करून पापण्यांकडून सरळ करून घेतात. ती १० अंश फिरली की सिलिंडरचा एक-तृतीयांश फायदा गेला. −२.२५ च्या सिलिंडरला म्हणजे जवळजवळ पाऊण नंबराची चूक. ३० अंश फिरली तर लेन्स न घातल्याइतकाच सिलिंडर उरतो, तोही भलत्याच दिशेला.

म्हणून टोरिकवर घड्याळातल्या सहाच्या ठिकाणी किंवा तीन-नऊच्या ठिकाणी बारीक खूण असते. ती खूण स्लिट लॅम्पखाली कुठे बसली ते बघून पुढची लेन्स मागवतात. तपासणाऱ्याच्या डावीकडे फिरली तर अंश मिळवायचे, उजवीकडे फिरली तर वजा करायचे. चष्म्याचा अक्ष १७० आणि खूण १० अंश डावीकडे, तर लेन्स १८० अक्षाची. पापण्या मिटल्यावर दर वेळी खूण वेगळ्या जागी दिसली तर अक्ष बदलून काही साधत नाही, दुसऱ्या बनावटीची लेन्स लागते. "टोरिक मला सूट झाली नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत हे दुसरं पाऊल कुणी उचललेलंच नसतं.

तयार सॉफ्ट टोरिक बहुतेक −०.७५, −१.२५, −१.७५ आणि −२.२५ मध्ये येतात, अक्ष दहा-दहा अंशांनी. त्याहून मोठा सिलिंडर असेल तर ऑर्डरची लेन्स, नाहीतर सेमी-सॉफ्ट.

सेमी-सॉफ्ट, म्हणजे खरं तर कडक

दुकानात जिला सेमी-सॉफ्ट म्हणतात ती मऊ अजिबात नसते. ती हवा जाऊ देणाऱ्या कडक प्लास्टिकची, ९ ते १० मिलिमीटरची आरजीपी लेन्स. बुबुळापेक्षा लहान असल्याने पापणीला तिची कड जाणवते. पहिल्या दिवशी दोन ते चार तास, मग रोज तासभर वाढवत दोन-तीन आठवड्यांत सवय होते. मधे आठवडाभर सोडली तर पुन्हा पहिल्यापासून.

एवढा त्रास कशासाठी? ती बुबुळाच्या आकाराप्रमाणे वाकत नाही म्हणून. तिच्या आणि बुबुळाच्या मधली जागा अश्रू भरून काढतात आणि बुबुळाचा वाकडेपणा प्रकाशाच्या दृष्टीने पुसला जातो. बुबुळामुळे आलेला सिलिंडर त्यातच जातो, अक्षाची भानगड उरत नाही. नीट वापरली तर एक जोडी वर्ष-दोन वर्षं टिकते आणि नजर सॉफ्ट लेन्सपेक्षा तीक्ष्ण मिळते. एक अडचण मात्र पुण्याची आहे. दुचाकीवर धुळीचा कण कडक लेन्सखाली गेला की डोळा उघडत नाही, डोळ्याला घळाघळा पाणी. दुचाकी चालवणाऱ्याने सेमी-सॉफ्ट घालायची तर बाजूंनीही झाकणारा गॉगल किंवा काच खाली केलेलं हेल्मेट हवंच. नुसता स्कार्फ पुरत नाही, तो डोळे सोडून सगळं झाकतो.

सेमी-सॉफ्टची खरी गरज केराटोकोनसमध्ये पडते. यात बुबुळ मधे पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. सुरुवात बहुधा वयात येताना होते. सिलिंडर दर सहा-आठ महिन्यांनी वाढतो, चष्मा बदलूनही स्वच्छ दिसत नाही. डोळे चोळण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे, आणि डोळे चोळायला पुण्यात निमित्तं भरपूर. गाजर गवताची भारतातली पहिली मोठी नोंद पुण्यातलीच, १९५५ च्या सुमाराची, आणि पावसाळ्यात ते मोकळ्या प्लॉटवर आजही फोफावतं. मुलाचे डोळे खाजतात म्हणून तो मुठीने चोळत असेल आणि सिलिंडर वाढत असेल, तर नुसता चष्मा बदलू नका, कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या बाकाचा नकाशा, करून घ्या. लेन्सने केराटोकोनसवाल्याला दिसायला लागतं, पण आजार थांबत नाही. तो थांबवायला सीथ्रीआर नावाची वेगळी प्रक्रिया आहे.

शंकू फार पुढे गेला, बुबुळावर व्रण असले किंवा डोळा अतिशय कोरडा असला तर स्क्लेरल लेन्स. १५ ते २० मिलिमीटरची ही लेन्स बुबुळाला शिवत नाही, पांढऱ्या भागावर टेकते आणि मधे पाण्याचा घुमट धरते. घालताना तिची वाटी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरायची, मान जमिनीला समांतर होईपर्यंत खाली वाकायचं आणि लेन्स सरळ वर न्यायची. पाणी सांडलं की आत हवेचा बुडबुडा राहतो. बुडबुडा दिसला तर काढून पुन्हा भरायची, "बसेल हळूहळू" म्हणायचं नाही. काही जणांना दुपारपर्यंत आतलं पाणी गढूळ होतं, मग काढून, धुऊन, नव्याने भरून घालावी लागते. मधे कडक आणि कडेला मऊ अशी हायब्रिड लेन्सही असते, पण ती महाग आणि बसवणारे कमी.

चाळिशी लागल्यावर

मायनस नंबरवाल्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी, ती क्वचितच कुणी सांगतं. चष्म्यातून जवळचं वाचताना मायनस डोळ्याला थोडी सूट मिळत असते, लेन्समध्ये ती जाते. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी चष्म्यात छान वाचणाऱ्याला लेन्स घातली की मोबाईल लांब धरावा लागतो. लेन्सचा नंबर चुकलेला नसतो. प्लसवाल्यांचं उलट, त्यांना लेन्समध्ये जवळचं सोपं जातं.

यावर तीन उपाय. लांबच्या लेन्स आणि वाचायला वरून स्वस्तातला रीडिंग चष्मा, हा सर्वांत स्वच्छ दिसणारा. दुसरा मोनोव्हिजन, प्रभावी डोळ्याला लांबचा नंबर आणि दुसऱ्याला जवळचा. फरक दीडच्या आत असेल तर मेंदू बहुधा जुळवून घेतो, पण खोलीचा अंदाज कमी होतो. रात्री घाटात गाडी चालवणाऱ्याने हा उपाय टाळावा. तिसरा मल्टिफोकल. तिच्यात प्रोग्रेसिव्ह चष्म्यासारखं वर लांबचं आणि खाली जवळचं नसतं. लांबची आणि जवळची दोन्ही चित्रं एकाच वेळी डोळ्यात जातात, मेंदू हवं ते उचलतो. बऱ्याच लेन्समध्ये मधोमध जवळचा नंबर असतो. याची किंमत म्हणजे उजेड कमी झाला की चित्र फिकं पडतं आणि दिव्यांभोवती वलयं येतात. आठवडाभर खऱ्या दिवसात वापरून मग ठरवावं, दुकानातल्या तक्त्यावर नव्हे. ॲड, म्हणजे जवळच्यासाठीचा वाढीव नंबर, कमी ठेवून सुरुवात केली तर यश जास्त येतं.

रात्री घालायची, मुलांसाठी आणि रंगीत

ऑर्थो-के ही रात्री घालून झोपायची कडक लेन्स. सात-आठ तासांत ती बुबुळाचा वरचा थर मधे काही मायक्रॉनने चपटा करते, सकाळी काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. साधारण −४.०० पर्यंत चांगली चालते. एक-दोन रात्री चुकवल्या की नंबर परत येतो, म्हणजे हा इलाज नाही, रोजची इस्त्री आहे. मुलांचा वाढता मायनस मंदावण्यासाठीही ती वापरतात. त्याच कामासाठी दुहेरी फोकसची डेली सॉफ्ट लेन्सही आहे. अमेरिकेत तिला २०१९ मध्ये, सुरुवातीला ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. दोन्हींनी वाढ मंदावते, आलेला नंबर जात नाही. मूल किती वर्षांचं आहे यापेक्षा ते न सांगता हात धुतं का, हे बघून ठरवावं.

रंगीत लेन्सबद्दल थोडक्यात. नंबर शून्य असला तरी ती बुबुळावर बसणारी वस्तूच आहे. मेकअपच्या दुकानातून, माप न घेता, मैत्रिणीबरोबर वाटून घातलेली रंगीत लेन्स ही लग्नसराईतली सर्वांत धोकादायक खरेदी. पार्लरच्या ट्रेमधली, आधी दुसऱ्या नवरीने वापरलेली तर नकोच नको.

एका डोळ्याला −१.०० आणि दुसऱ्याला −७.०० असलेल्यांना मात्र लेन्स ही हौस नाही. चष्म्यात दोन डोळ्यांतली चित्रं लहानमोठी पडतात, मेंदू ती जुळवू शकत नाही. लेन्समध्ये तो फरक बराच मिटतो.

हात, पाणी आणि मिरची

आधी हात साध्या साबणाने धुवायचे. मॉइश्चरायझरवाला साबण बोटांवर थर ठेवतो, तो लेन्सवर उतरतो. हात धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करायचे. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघा. वाटीसारखी दिसली तर बरोबर, कडा ताटलीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. उलटी लेन्स इजा करत नाही, पण हलते, खुपते आणि धूसर दिसतं.

काढताना वर बघायचं, बोटाने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि मग चिमटीत धरायची. बुबुळावरूनच चिमटा घेतला तर नख लागतं. चिकटलेली वाटली तर लेन्ससाठीचे थेंब घालून पाच मिनिटं थांबा. लेन्स डोळ्यामागे जात नाही, पापणीच्या आतलं अस्तर मागे वळून डोळ्याला जोडलेलं असतं. हरवलेली लेन्स बहुधा वरच्या पापणीखाली दुमडून बसलेली असते किंवा वॉशबेसिनवर.

आपल्या स्वयंपाकघराची एक खास अडचण. हिरव्या मिरच्या चिरल्यावर किंवा ठेचा कुटल्यावर साबणाने दोनदा हात धुतले तरी तिखट बोटांवर राहतं, कारण ते पाण्यात नाही, तेलात विरघळतं. सॉफ्ट लेन्स ते शोषून घेते आणि डोळ्याला सोडत राहते. अशी लेन्स सोल्युशनने साफ होत नाही, फेकून द्यावी लागते. लेन्स मिरचीच्या आधी घालावी. संध्याकाळी काढायच्या आधी बोटांना खाद्यतेल चोळून, मग भांड्याच्या साबणाने आणि शेवटी हाताच्या साबणाने धुवावं. काजळाचंही तसंच, लेन्स आधी, काजळ नंतर, आणि तेही पापणीच्या आतल्या कडेला नको. रात्री आधी लेन्स, मग मेकअप उतरवायचा.

पाणी हा लेन्सचा पहिला शत्रू आहे, मग ते खडकवासल्याचं असो, टँकरचं असो की फिल्टरचं. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. पिण्यात गेला तर बहुधा काही करत नाही, लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो. महिनोन् महिने उपचार चालतात, आणि दुखणं दिसणाऱ्या लालीपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यामुळे लेन्स आणि डबी पाण्याने धुवायची नाही, अंघोळ आणि तलावात पोहणं लेन्स घालून नाही. पावसाळ्यात सिंहगडावर भिजायचं असेल तर डेली लेन्स घाला आणि खाली उतरल्यावर टाकून द्या.

सोल्युशनच्या बाटलीवर काहीही लिहिलं असो, लेन्स तळहातावर ठेवून प्रत्येक बाजू दहा सेकंद बोटाने चोळा, पाच सेकंद सोल्युशनने धुवा आणि ताज्या सोल्युशनमध्ये किमान सहा तास ठेवा. कालच्या सोल्युशनवर थोडं नवं ओतणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर. त्याने निर्जंतुक करण्याची ताकद उतरते. सकाळी डबी रिकामी करून, सोल्युशनने विसळून, टिश्यूने पुसून पालथी घाला, आणि ती न्हाणीघरात ठेवू नका. डबी तीन महिन्यांनी बदला. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, बहुतेक सोल्युशन नव्वद दिवसांनी टाकायचं असतं. साधं सलाईन फक्त धुण्यासाठी, त्याने जंतू मरत नाहीत. ज्यांना नेहमीच्या सोल्युशनने चुरचुरतं त्यांच्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन असतं. पण ते त्याच्याबरोबर आलेल्या उभ्या डबीतच वापरायचं, कारण त्यातल्या प्लॅटिनमच्या चकतीमुळे सहा तासांत पेरॉक्साइडचं पाणी होतं. चपट्या डबीत घालून सकाळी लेन्स डोळ्यात घातली तर जळजळून ओरडायची वेळ येते.

झोप

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अभ्यासात दिवसा सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्यांत बुबुळाच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण वर्षाला १०,००० मागे साधारण दोन निघालं. सिलिकॉनची लेन्स घालून झोपणाऱ्यांत २५. हवा भरपूर जाणाऱ्या लेन्सनेही झोपेतला धोका गेला नाही, हे त्या आकड्यात महत्त्वाचं. मिटलेल्या पापणीखाली अश्रू फिरत नाहीत, जंतूंना निवांत वेळ मिळतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नागपूरला निघालात तर गाडी सुटण्याआधी लेन्स काढा. विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्यांनी तर पहाटेचा विचार दुपारीच करावा, पथकाच्या पिशवीत चष्मा आणि एक जादा डेली जोडी ठेवावी. गुलाल उडालेली लेन्स थेंब घालून "साफ" होत नाही.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, यातलं काहीही झालं तर लेन्स लगेच काढा. काढल्यावर तासाभरात बरं वाटलं नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लेन्स वापरणाऱ्याने "डोळे आलेत" असं स्वतःच ठरवू नये. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि जंतू खाली वाढत राहतात, मग बुबुळावर फूल पडतं. पट्टी बांधू नका, दुसऱ्या डोळ्याची लेन्सही काढा. आणि काढलेली लेन्स फेकू नका. ती, तिची डबी आणि सोल्युशनची बाटली पिशवीत घालून सोबत न्या, डोळ्यातून घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडला नाही तरी डबीतल्या पाण्यात पुष्कळदा सापडतो.